'अ व्हिक्टिम ऑफ ग्रॅव्हिटी' : गुरुत्वाकर्षणाविरुद्ध तक्रार करणारं रॉक अँड रोल

खर्जातला_सा

रॉक अँड रोलची चर्चा निघाली की आपण एल्व्हिस, चक बेरी, लिटल रिचर्ड यांच्यापाशी घुटमळतो. मला आज १९७८ सालच्या एका तीन मिनिटांच्या कार्टूनबद्दल लिहायचं आहे. त्यातलं गाणं मुलांना गुरुत्वाकर्षण शिकवण्यासाठी केलेलं आहे, पण पन्नाशीच्या दशकातलं रॉक अँड रोल इतक्या बारकाईने आणि प्रेमाने उभं केलेलं गाणं मला मोठ्यांच्या संगीतातही क्वचित भेटलंय.

आधी थोडी पार्श्वभूमी. न्यूयॉर्कमध्ये मॅकॅफ्री अँड मॅकॉल नावाची जाहिरात कंपनी होती. तिचे एक प्रमुख डेव्हिड मॅकॉल यांच्या मुलाला पाढे पाठ होत नव्हते, पण रॉकची गाणी मात्र शब्दन् शब्द तोंडपाठ होती. मग पाढेच रॉकमध्ये बसवले तर? कंपनीतल्या जॉर्ज न्यूऑल यांनी हे काम बॉब डरो या जॅझ गायक-संगीतकाराकडे नेलं आणि डरो यांनी तीनच्या पाढ्याचं गाणं करून आणलं. ते ऐकता ऐकता कला दिग्दर्शक टॉम यो चित्रं काढू लागले. त्यातून 'स्कूलहाऊस रॉक' मालिका जन्मली आणि जानेवारी १९७३ पासून एबीसी वाहिनीवर शनिवारी सकाळी कार्टूनच्या मधल्या वेळात दिसू लागली. पाढ्यांनंतर व्याकरण आलं, मग अमेरिकेचा इतिहास, आणि १९७८-७९ मध्ये विज्ञान. 'अ व्हिक्टिम ऑफ ग्रॅव्हिटी' हे या विज्ञानाच्या तुकडीतलं.

गाणं लिहिलं लिन एरन्स यांनी. या बाई त्याच कंपनीत सेक्रेटरी म्हणून लागल्या होत्या. ऑफिसात गिटार घेऊन यायच्या, ते न्यूऑल यांच्या कानावर पडलं आणि त्यांनी गाणं लिहायला सांगितलं. पुढे ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर गेल्या, 'रॅगटाइम' या संगीतिकेच्या गाण्यांसाठी १९९८ चा टोनी पुरस्कार मिळाला. त्यांचा जन्म १९४८ चा, म्हणजे रॉक अँड रोल रेडिओवर आलं तेव्हा त्या शाळकरी वयात होत्या. गाण्यात ते जाणवतं.

आता गाण्याकडे. बाज डू-वॉपचा, म्हणजे रॉक अँड रोलची ती शाखा जिच्यात चार-पाच पोरं एकत्र उभी राहून गातात. मुख्य गायक प्रेमभंगाचं रडगाणं गातो, मागचे त्याला 'शू-बॉप', 'डू-वा' अशा निरर्थक अक्षरांची साथ देतात. सगळ्यात खाली खर्जातला आवाज, सगळ्यात वर फॉल्सेटो, म्हणजे पुरुषाने मुद्दाम काढलेला बारीक आवाज. रडगाण्याचा सूर ठरलेला: माझ्याच वाट्याला हे का, मी काय केलं होतं. एरन्स यांनी हा सूर तसाच ठेवला. फक्त छळणारी मुलगी काढली आणि तिच्या जागी गुरुत्वाकर्षण बसवलं. नायक बिचारा पडतो, त्याच्या अंगावर वस्तू पडतात, आणि तो दैवाला बोल लावावा तसा एका नैसर्गिक बलाला बोल लावतो.

इथपर्यंत कुठलाही हुशार गीतकार पोचला असता. मला थक्क करतं ते पुढचं. निरर्थक अक्षरांची जी जागा आहे, तिथे मागचे गायक 'डाउन, डाउन' गातात. त्या अक्षरांना डू-वॉपमध्ये काही अर्थ नसतोच, ते नुसतं नादाचं काम. एरन्स यांनी त्या रिकाम्या जागेत अख्खा धडा ठेवला. मुलाला वाटतं की तो ठेका ऐकतोय, आणि ठेक्याबरोबर गुरुत्वाकर्षणाची दिशा कानात जाते.

आणि हे गायलंय कोणी? द टोकन्स यांनी. १९६१ मध्ये 'द लायन स्लीप्स टुनाइट' घेऊन अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलेला ब्रुकलिनचा गट. हायस्कुलात असताना, १९५५ च्या सुमारास सुरू झालेला, आणि सुरुवातीला, पुढे गायक म्हणून गाजलेला नील सेडाकाही त्यात होता. म्हणजे ज्या शैलीचं हे गाणं, त्याच शैलीत वाढलेल्या लोकांनी ते गायलं. स्टुडिओतल्या भाड्याच्या आवाजांकडून हे होत नाही. कुठला श्वास कुठे घ्यायचा, रडवेपणा किती ताणला की गंमत जाते, हे त्यांच्या अंगात होतं.

म्हणून मी याला विडंबन म्हणायला तयार नाही. इथे कोणी डू-वॉपला हसत नाही. तुम्ही ऐकून सांगा काय वाटतं.

---

शेवंती_म

लगेच ऐकलं, मग मुलीला ऐकवलं, मग दोघींनी परत ऐकलं. तो खालचा 'डाउन' खरोखर डोक्यात बसतो. धाग्याबद्दल मनापासून आभार.

---

तिसरी_पट्टी

सुंदर लिहिलंय. निरर्थक अक्षरांबद्दल थोडी भर घालतो, कारण तुमचा मुद्दा त्याने आणखी पक्का होतो.

डू-वॉपवाली पोरं गरिबाघरची. वाद्यं परवडत नव्हती. म्हणून रस्त्याच्या कोपऱ्यावर, जिन्याखाली, शाळेच्या स्वच्छतागृहात, म्हणजे जिथे आवाज घुमेल तिथे उभं राहून गायची, आणि वाद्यांची कामं गळ्यांनी वाटून घ्यायची. सगळ्यात जाड आवाजाचा मुलगा डबल बास व्हायचा. मधले दोघं-तिघं मिळून कॉर्ड धरायचे, ब्रास विभागासारखे. म्हणजे ती अक्षरं वाद्यांची नक्कल होती.

हार्मोनियमवाल्यांसाठी: या शैलीतली कितीतरी गाणी सा, ध, म, प या चार स्वरांवर उभ्या केलेल्या कॉर्डच्या चक्रात फिरतात. पांढरी एकला सा धरून सी मेजर, ए मायनर, एफ मेजर, जी मेजर क्रमाने दाबत राहा, दोन आवर्तनांत सगळं दशक समोर येतं. 'अर्थ एंजल' (१९५४) या चक्रावर आहे. शैलीची ओळख इतकी पक्की असल्यामुळेच तिचा बाज घेऊन नवं गाणं करणं शक्य होतं. श्रोत्याला पुढचा स्वर आधीच ठाऊक असतो, त्यामुळे लक्ष शब्दांवर राहतं. शिकवणाऱ्या गाण्याला याहून सोयीचं काय हवं?

---

कातळशिल्प

गाणं गोड आहे, वाद नाही. पण भौतिकशास्त्र शिकवतो म्हणून एक आक्षेप नोंदवतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो.

'खाली, खाली' हा ठेका मुलांच्या मनात नेमकी तीच कल्पना घट्ट करतो जी आम्हाला नंतर सैल करावी लागते. गुरुत्वाकर्षणाला खाली-वर नाही. दोन वस्तूंमधली ती ओढ आहे. न्यूटनने १६८७ मध्ये 'प्रिन्सिपिया'त मांडलेलं मोठं पाऊल हे की झाडावरून पडणारं फळ आणि पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र या दोघांना एकच नियम लागू आहे. चंद्रही पडतच असतो, फक्त पडता पडता पुढे सरकतो म्हणून जमिनीला टेकत नाही. फळ पृथ्वीकडे येतं तेव्हा पृथ्वीही फळाकडे तितक्याच बलाने ओढली जाते. मी दरवर्षी नववीला विचारतो की ऑस्ट्रेलियातला माणूस खाली का पडत नाही. चांगले गुण मिळवणारी मुलंही अडखळतात.

तक्रारीचा सूर हा तर आणखी एक मुद्दा. गुरुत्वाकर्षण हे छळणारं काहीतरी आहे, असं मुलाला का सांगायचं? हवा टिकते ती त्याच्यामुळे, पाणी उतारावरून वाहतं ते त्याच्यामुळे.

---

खर्जातला_सा

कातळशिल्प सर, आक्षेप मान्य करण्याजोगा आहे आणि तरी मी गाण्याच्या बाजूने उभा आहे.

हे शनिवारी सकाळी कार्टून बघणाऱ्या मुलांसाठी होतं, म्हणजे सहा ते दहा वर्षांची मुलं. त्या वयात गुरुत्वाकर्षण ही अनुभवाची गोष्ट आहे. ग्लास हातातून सुटतो, सायकलवरून पडायला होतं. या सगळ्या वेगवेगळ्या घटनांमागे एकच कारण आहे आणि त्याला नाव आहे, एवढं कळणं हे त्या वयाचं मोठं पाऊल. दोन वस्तूंमधली परस्पर ओढ ही पुढची पायरी, ती तुम्ही नववीत चढवता.

आणि तक्रारीबद्दल: नायक कितीही कुरकुरला तरी ते बल हटत नाही, त्याला अपवाद नाही, ते कोणाची मनधरणी ऐकत नाही. प्रेमगीतातली मुलगी कदाचित शेवटी वळून बघेल. इथे ती शक्यताच नाही. निसर्गनियम म्हणजे काय, हे मुलाला या सुरातून मिळतं असं मला वाटतं.

---

हडसनकाठ

मी बरीच वर्षं न्यू जर्सीत आहे. इथे माझ्या वयाच्या अमेरिकन सहकाऱ्यांसमोर या मालिकेचा विषय काढा, पाचांपैकी चौघं गायला लागतात. सगळ्यात पाठ आहे ते संविधानाच्या उद्देशिकेचं गाणं. तेही लिन एरन्स यांचंच, १९७५ चं. चालीत बसवण्यासाठी त्यात सुरुवातीच्या वाक्यातले 'ऑफ द युनायटेड स्टेट्स' हे शब्द गाळले आहेत. माझ्या मुलाच्या बाईंनी उद्देशिका पाठ करायला सांगताना वर्गात मुद्दाम बजावलं होतं की गाणं म्हणून पाठ करा, पण पेपरात ते शब्द घालायला विसरू नका.

कातळशिल्प यांच्या मुद्द्याशी जोडून सांगतो. 'इंटरप्लॅनेट जॅनेट' हे त्याच तुकडीतलं सूर्यमालेचं गाणं. त्यात प्लूटो धरून नऊ ग्रह आहेत, कारण २००६ पर्यंत तो ग्रह होताच. इथल्या शिक्षकांनी ते गाणं फेकून दिलं नाही. आधी गाणं लावतात, मग प्लूटोचं काय झालं ते शिकवतात.

---

मुक्कामपोस्ट

धागा वाचून आनंद झाला, पण एक गोष्ट अजून कोणी म्हटलेली नाही.

डू-वॉप ही मुळात कृष्णवर्णीय तरुणांची निर्मिती. बाल्टिमोरचे ओरिओल्स, न्यूयॉर्कचे रेव्हन्स, मग मूनग्लोज, फ्रँकी लायमन आणि टीनएजर्स. नंतर ब्रुकलिन आणि ब्रॉन्क्समधल्या इटालियन व ज्यू पोरांनी ती उचलली, प्रेमाने उचलली, त्याबद्दल मला शंका नाही. पण सत्तरच्या दशकात जी पन्नाशीची आठवण विकली गेली, तिच्यात चामड्याचं जाकीट, तेल लावून मागे वळवलेले केस, सोडा शॉप, असा गोऱ्या उपनगराचा देखावा उरला. १९७३ चा 'अमेरिकन ग्राफिटी' चित्रपट, १९७४ पासून एबीसीवरच लागणारी 'हॅपी डेज' मालिका, १९७८ च्या जूनमधला 'ग्रीस' चित्रपट. हे कार्टून त्याच लाटेवरचं आहे.

आणि टोकन्सच्या ज्या गाण्याचा उल्लेख वर आला, त्याचं मूळ दक्षिण आफ्रिकेतल्या सॉलोमन लिंडा यांच्या १९३९ च्या 'म्बुबे' या झुलू गाण्यात आहे. ध्वनिमुद्रण कंपनीकडून त्यांना दहा शिलिंग मिळाले. १९६२ मध्ये ते गेले तेव्हा घरात पैसा नव्हता. मुलींना तडजोडीने काही मिळालं ते २००६ मध्ये. एखाद्या शैलीचं कौतुक करताना तिच्या कर्त्यांचा हिशोबही मांडायला हवा, असं मला तीव्रतेने वाटतं.

---

खर्जातला_सा

मुक्कामपोस्ट, हे तुम्ही लिहिलंत ते फार चांगलं केलंत. लिंडा यांची गोष्ट त्या गाण्याच्या प्रत्येक उल्लेखासोबत यायला हवी, माझ्या लेखातही.

लाटेबद्दलही तुमचं बरोबर आहे. फक्त एक फरक मला ऐकू येतो. 'हॅपी डेज'सारख्या मालिकांना त्या काळाचं वातावरण हवं होतं. एरन्स यांना त्या काळाच्या गाण्याची रचना हवी होती, तिचे सांधे, तिच्यातली कामाची वाटणी. चित्रांत तो देखावा आहेच, पण डोळे मिटून ऐका. खर्ज, मधले आवाज, वरचा फॉल्सेटो, मागच्यांनी पुढच्याच्या दुःखात दिलेली साथ, हे सगळं तिसरी_पट्टी यांनी सांगितलेल्या कोपऱ्यावरच्या पोरांचं आहे.

---

तिसरी_पट्टी

मी मुक्कामपोस्ट यांच्याशी जास्त सहमत आहे. रचना उचलली आणि नाव राहिलं नाही, हेच तर त्या पोरांच्या बाबतीत झालं. पण त्याच तुकडीतलं 'डू द सर्क्युलेशन' हे रक्ताभिसरणाचं गाणंही ऐका. ते जॉशी आर्मस्टेड, मेरी स्यू बेरी आणि मेरिथा स्टुअर्ट यांनी म्हटलंय. साठच्या दशकात नाचाची नवी पद्धत शिकवणारी जी गाणी निघायची, तो बाज. आर्मस्टेड या आयकेट्स (आइक आणि टीना टर्नर यांच्या साथीच्या गायिका) गटात गायलेल्या, पुढे रे चार्ल्ससाठी गाणी लिहिणाऱ्या. व्याकरण आणि पाढ्यांच्या गाण्यांतही ग्रेडी टेट आहेत, एसरा मोहॉक आहेत, ब्लॉसम डिअरी आहेत. ज्या शैलीचं गाणं, तिच्यातला जाणकार शोधायचा, हा त्या मंडळींचा शिरस्ता दिसतो.

---

आंबोळी_चटणी

कोणाच्या तरी मनात आलं असेलच, पण आपल्याकडचं उदाहरण द्यायलाच हवं. १९५७ चा 'आशा', आणि त्यातलं 'ईना मीना डीका'. संगीतकार सी. रामचंद्र, आपले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. रॉक अँड रोल अमेरिकेत जोरात असतानाच अण्णांनी ते हिंदीत आणलं. मुलांच्या खेळातल्या गाण्यावरून अक्षरं सुचली आणि त्यांच्याकडचे गोव्याचे वादक जॉन गोम्स यांनी 'माका नाका' जोडलं. निरर्थक अक्षरं हाच गाण्याचा जीव, म्हणजे वरच्या चर्चेशी थेट संबंध. किशोरकुमार आणि आशाताई, दोघांचंही ऐका. त्या काळी मुंबईतल्या ऑर्केस्ट्रात सॅक्सोफोन, ट्रम्पेट वाजवणारे बहुतेक गोव्याचे होते आणि रात्री हॉटेलांत स्विंग, जॅझ वाजवत होते. त्यामुळे अण्णांच्या गाण्यातला बाज उसना वाटत नाही.

---

नाणेघाट_७१

पाढ्यांवरून आठवलं. मॅकॉल यांना जे सुचलं ते आपल्या शाळांत पिढ्यान् पिढ्या चाललेलं होतं. बे एके बे ते तीस दाहे तीनशे, शिवाय पावकी, निमकी, सगळा वर्ग एका सुरात. 'दाहे'वर येणारी ती ठरलेली उतरण कोणी शिकवली नव्हती, पण सगळ्या गावांत तीच.

कार्टूनबद्दल म्हणाल तर त्याच सुमारास आपल्याकडे 'एक अनेक और एकता' झालं, १९७४, फिल्म्स डिव्हिजन. त्यामागे विजया मुळे होत्या, चित्रं भीमसेन यांची, संगीत वसंत देसाई यांचं. चिमण्या जाळं घेऊन उडतात ते. चाल अगदी साधी, बालगीताची. तिथे जाहिरात कंपनीतली माणसं होती, इथे शिक्षणाच्या क्षेत्रातली.

आणि गाण्यात नायकाच्या डोक्यावर वस्तू पडतात ते ऐकून १९७९ चा जुलै डोळ्यांपुढे आला. स्कायलॅब हे अमेरिकेचं अंतराळस्थानक पडणार म्हणून आमच्या आळीत लोक खरोखर घाबरले होते. शेवटी ते हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात पडलं.

---

हडसनकाठ

नाणेघाट यांनी जाहिरात कंपनीचा उल्लेख केला तो कळीचा आहे. जिंगल करणाऱ्याला आज कंट्री, उद्या डिस्को, परवा डू-वॉप, असं मागणीप्रमाणे हुबेहूब करून द्यावं लागतं आणि पहिल्या पाच सेकंदांत ऐकणाऱ्याला शैली ओळखू यावी लागते. हे कसब साबण विकण्यासाठी घडलं होतं. या मंडळींनी ते मुलांसाठी लावलं. म्हणून त्यांचं 'पन्नाशीचं गाणं' पहिल्या हुंकारापासून पन्नाशीचं वाटतं.

---

शेवंती_म

अत्र्यांच्या 'झेंडूची फुले'बद्दल विचारायचं होतं. तिथेही रचनेची पकड इतकी घट्ट आहे की मूळ कवींवर प्रेम असल्याशिवाय ते जमलं नसतं. मग त्याला विडंबन म्हणायचं आणि याला नाही, ते का?

---

खर्जातला_सा

शेवंतीताई, अत्र्यांचा रोख त्या कवींच्या लकबींवर आहे. वाचून झाल्यावर तुम्ही त्या लकबींना हसता आणि मूळ कविता पुन्हा वाचताना ते हसू मधे येतं. हे गाणं ऐकून झाल्यावर 'अर्थ एंजल' लावून बघा. काही बिघडत नाही, उलट ते अधिक गोड लागतं. माझ्यासाठी कसोटी एवढीच.

---

शेवंती_म

पटलं. आता कामाचं विचारते. मी पाचवी-सहावीला विज्ञान शिकवते, मराठी माध्यम. गाण्याचं इंग्रजी मुलांना सगळं कळणार नाही. तरी लावू का? आणि कातळशिल्प सरांनी सांगितलेली अडचण टाळायची कशी?

---

कातळशिल्प

जरूर लावा. गाण्याला माझा विरोध नाही, गाण्यावर थांबण्याला आहे. मी असं करेन: पहिल्यांदा आवाज बंद ठेवून नुसती चित्रं दाखवा आणि काय काय पडलं ते मुलांना वहीत लिहू द्या. मग आवाजासकट. 'डाउन' त्यांना इंग्रजी न येताही कळतो.

त्यानंतर अपोलो १५ ची फीत दाखवा, ऑगस्ट १९७१. डेव्हिड स्कॉट चंद्रावर उभा राहून एका हातातून हातोडा आणि दुसऱ्या हातातून ससाण्याचं पीस एकाच वेळी सोडतो, आणि दोन्ही एकदम जमिनीला टेकतात, कारण तिथे पिसाला अडवायला हवा नाही. पडणं पृथ्वीवरच्यापेक्षा सावकाश आहे, तिथलं गुरुत्वाकर्षण साधारण एक षष्ठांश. मुलांना विचारा की हा नायक चंद्रावर असता तर त्याची तक्रार किती उरली असती.

शेवटी फळ्यावर पृथ्वीचा गोल काढा, त्याच्या चारी बाजूंना माणसं उभी करा आणि प्रत्येकासाठी 'डाउन'चा बाण मुलांकडूनच काढून घ्या. सगळे बाण गोलाच्या मध्याकडे आले की माझा आक्षेप मिटला.

---

शेवंती_म

बाणांची कल्पना फार आवडली. सोमवारी सहावी ब वर करते. मागच्या बाकावरची चार मुलं 'डाउन' म्हणायला घेईन, खर्जासाठी एक मुलगा आहेच माझ्याकडे.

---

तिसरी_पट्टी

त्या चौघांना एकच सूर देऊ नका. खर्जवाल्याला सा, बाकी तिघांना सा-ग-प असा वाटून द्या, आणि 'डाउन' ठेक्याच्या किंचित मागे येऊ द्या. वर्गात पेटी असेल तर पांढरी चार धरा, त्या वयाच्या गळ्यांना ती पट्टी झेपते. कसं झालं ते इथेच लिहा.